काका, हत्ती का बदलला?

बुद्धिबळ स्पर्धेतला डाव संपला, हात मिळवून झाला, एकमेकांच्या स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, सह्या झाल्या. मी खुर्ची मागे सारणार तेवढ्यात ती म्हणाली, "काका, बघायचं का एकदा?"

ती म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोर. जतकडची. घट्ट दोन वेण्या, पायात चपला आणि पेन मात्र वडिलांचं वाटावं असं जाड, शाईचं. मनात आलं, आता काय बघायचंय? हरलो ते हरलो, भूक लागलीय, डब्यात थालीपीठ आहे. पण एवढ्याशा मुलीला नाही कसं म्हणणार. मी गेलो तिच्यामागे.

२०२४ चा मे महिना. सांगलीतलं एक मंगल कार्यालय, वर सगळे पंखे फुल स्पीडवर. या पंख्यांमुळे स्कोअरशीट उडते, म्हणून मारलेली एखादी सोंगटी तिच्यावर वजन म्हणून ठेवायची पद्धत आहे. माझ्या कागदावर तिचा उंट होता, तिच्या कागदावर माझा घोडा. व्हरांड्यात जेवणाच्या लांब टेबलावर प्लास्टिकचा पट पसरला होता. तिने भराभर सोंगट्या लावल्या. सुरुवातीची मांडणी नाही केली, थेट अडतिसावी चाल गाठली, तीही कागदाकडे न बघता. एकूण दहा सोंगट्या आणि दोन राजे. मग माझ्या हत्तीवर बोट ठेवून विचारलं,

"इथं हत्ती का बदलला?" म्हणजे माझा देऊन तिचा का घेतला.

मी म्हणालो, "प्यादी सारखीच होती की. चार-चार. म्हटलं फिट्टंफाट. बरोबरी होईल."

तिने माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसाचं गणित चुकलं की हुशार मुलं जरा थांबतात, तशी थांबली. मग म्हणाली, "सारखी नव्हती, काका. माझं एक लांब होतं."

तेवढ्यात तिच्या वडिलांनी फाटकातून हाक मारली, चार वाजताची जत गाडी चुकेल म्हणून. तिने भडंगाची पुडी उचलली आणि पळाली. पट तसाच राहिला.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली. दिवसभर दोन बाजू जुळवायच्या, नावे आणि जमा, आणि संध्याकाळी खाली रेघ मारायची. रेघ मारली की बरं वाटतं. ही सवय पटावर कधी जाऊन बसली ते मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

बुद्धिबळ आमच्या घरी आजोबांपासून. त्यांचा खेळ देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट वगैरे भानगड नाही, त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. प्याद्याने मात केली तर तिचा मान मोठा, प्यादेमात. आजोबा जिंकलेला डाव मुद्दाम लांबवायचे, का तर मात प्याद्यानेच करायची. मला त्यांचा राग यायचा. संपवा ना एकदाचं! हेही आत्ता लिहिताना आठवतंय.

नंतर शाळेत गेल्यावर खरा नियम कळला, आणि सांगलीत राहून बुद्धिबळ न कळणं तसं अवघडच होतं. इथे नूतन बुद्धिबळ मंडळ, इथे ते उभं करणारे भाऊसाहेब पडसलगीकर, इथल्या खेळाडू भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, त्यांना १९८७ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वर्गात अचानक सात-आठ मुलींनी पट विकत घेतले. नंतरच्या पिढीत स्वाती घाटे. नाटकाचं जसं विष्णुदास भाव्यांपासून सांगतात आमच्याकडे, तसं बुद्धिबळाचंही सांगायला माणसं तयारच असतात. त्या मानाने मी काहीच नाही. दहावीपर्यंत खेळलो, मग सुटलं. मुलाला शिकवता शिकवता चाळिशीनंतर परत लागलं. स्पर्धेत उतरतो ते पोरांच्या हातून मार खायला, असं बायको म्हणते. ते खरंच आहे. आजकाल खुल्या स्पर्धेत समोर कोण येईल सांगता येत नाही. टेबलाखाली ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्याला जास्त घाबरायचं, एवढं मी शिकलोय.

आता ती जागा सांगतो. ज्यांना पटात रस नाही त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल, मी रागावणार नाही.

पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या एक ते आठ, त्यावरून घराचं नाव. पांढरी माझी. माझा राजा डी३ वर, हत्ती ए३ वर, प्यादी डी४, एफ२, जी३, एच४. तिचा राजा डी५ वर, माझ्या डी४ च्या प्याद्याच्या नाकासमोर. हत्ती सी६ वर, प्यादी ए६, एफ७, जी६, एच५. उजवीकडे दोघांची तीन-तीन प्यादी एकमेकांना अडवून उभी. उरलं माझं मधलं डी चं प्यादं आणि तिचं पार डाव्या कडेचं ए चं. चाल माझी. तिचा हत्ती मघाशी माझ्या पहिल्या रांगेत शिरून शह देऊन गेला होता आणि त्या शहाने माझ्या पोटात गोळा आला होता. मग मी ए६ च्या प्याद्यावर हत्ती रोखला, तेव्हा ते वाचवायला ती सी६ वर परतली होती. म्हणजे माघार तिने घेतली होती. माझ्या घड्याळात नऊ मिनिटं.

आणि मी हत्ती सी३ वर नेला. घे, मार, बदल. तिने शह देऊन मारला, मी राजाने मारला, आणि तिने ए चं प्यादं एक घर पुढे टाकलं. तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. ते प्यादं आणखी एक घर आलं, मग आणखी एक. कोणीतरी जाऊन त्याला धरायला हवं, आणि माझ्याकडे धरायला राजाशिवाय कोणी नाही. राजा तिकडे गेला की इकडे तिच्या राजाने डी४ खाल्लं. मी कडेचं प्यादं मारून परत फिरेपर्यंत तिचा राजा ई४, एफ३ करत माझ्या उजव्या बाजूच्या प्याद्यांत शिरला. माझा राजा पटाच्या एका टोकाला, माझं घर दुसऱ्या टोकाला. माळवदाला आग लागल्यावर धनी यात्रेला गेलेला असावा तसं. सेहेचाळिसाव्या चालीला डाव सोडला.

प्यादी मोजली तर चार-चार. पण तिचं एक लांब होतं.

त्या रात्री मी जे केलं ते बहुतेक हरणारे करतात. पट मांडला आणि बदलाबदलीच्या *नंतरच्या* चालींत चूक शोधत बसलो. चाळिसाव्या चालीला राजा इकडे नेला असता तर? एफ चं प्यादं ढकललं असतं तर? जी चं ढकलून उजवीकडेच काहीतरी उघडलं असतं तर? दीड वाजेपर्यंत. प्रत्येक वेळी हरलो. कधी एक चाल उशिरा, कधी दोन, पण हरलो. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी थोडं बरं वाटायचं, की अजून एक बघायचं राहिलंय.

सकाळी मुलाने लॅपटॉपवर स्टॉकफिश लावलं. हे इंजिन फुकट मिळतं, आणि जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं खेळतं. त्याने अडतिसाव्या चालीआधी शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवलं आणि चालीनंतर आकडा धाडकन खाली गेला. पोरगं म्हणालं, "बाबा, हत्ती सी३ ला दोन प्रश्नचिन्हं." म्हणजे घोडचूक. झालं. दोन सेकंदांत निकाल.

मला तो निकाल पटला, पण त्याचं काय करायचं ते कळेना. यार्डात वजनकाटा असतो. काटा सांगतो की पोतं चार किलो कमी भरलं. कुठे सांडलं ते काटा सांगत नाही. ते शोधायला टेम्पोपासून मागे मागे चालत जावं लागतं. इंजिनने आणखी एक दाखवलं, आणि ते मला जास्त लागलं: सी३ ऐवजी हत्ती ए५ वर. शह. तिचा राजा डी६ वर मागे जाणार, आणि माझा हत्ती ए५ वर तिच्या प्याद्याच्या छाताडावर बसून राहणार. तिचा हत्ती त्या प्याद्याच्या राखणीत अडकलेला, तिच्या राजाला पाचवी रांग बंद, आणि माझा राजा ई४ वर यायला मोकळा. काही जिंकत नव्हतो मी. पण हरायचं काहीच कारण नव्हतं. एवढी साधी चाल, समोर. मी ती पाहिलीच नाही असं मात्र नाही. पाहिली होती. मनात आलं होतं, 'शह देऊन पुढे काय? हे असंच चालू राहणार.'

हे असंच चालू राहणार. खरी चूक तिथे होती, आणि ती इंजिनला दिसत नाही, कारण ती पटावर नव्हतीच.

म्हणून मी एक केलं. इंजिन बंद केलं, स्कोअरशीट घेतली आणि पेन्सिलने प्रत्येक चालीपुढे त्या वेळी डोक्यात काय होतं ते लिहिलं. आठवतं तोवर. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरायला होतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःला हुशार करून घेतो, हा अनुभव आहे. लिहिलेलं असं होतं: 'नीट.' 'नीट.' 'ही चाल सरांनी सांगितलेली.' 'कंटाळा.' 'तिने पटकन चाल केली, म्हणजे तयारी असणार, घाबरलो.' चोविसाव्या चालीपुढे: 'वजीर बदलले, हुश्श.' अडतिसाव्यापुढे: 'हुश्श.'

तोच शब्द दोनदा.

मग कपाटातून जुन्या स्कोअरशीट काढल्या. खरं तर फाडून टाकायच्या असतात त्या, पण हिशेबनिसाकडून कागद फाडला जात नाही. मागच्या दोन वर्षांतले सात हरलेले डाव सापडले. सातांपैकी पाचांत तेच होतं. घड्याळ दहा-पंधरा मिनिटांवर आलं, समोरच्याने जरा अंगावर चाल केली, की मी काहीतरी बदलून टाकलंय. कधी घोडा, कधी उंट, दोनदा हत्ती. सगळ्या बदलाबदल्या चुकीच्या नव्हत्या. एका ठिकाणी तर मीच वरचढ झालो होतो आणि नंतर दुसऱ्याच मूर्खपणाने हरलो. पण कारण प्रत्येक वेळी एकच. पट मोकळा झाला की सुटल्यासारखं वाटतं.

हे मी रात्री जेवताना बायकोला सांगितलं, शोध लावल्याच्या थाटात. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यात नवीन काय आहे? भांडणातही तुम्ही असंच करता. दोन मिनिटं झाली की 'बरं बाई, माझंच चुकलं' म्हणता आणि टीव्ही लावता. मला अजून बोलायचं असतं." मी हसलो. मग तव्यावरची भाकरी उलटून ती सहज म्हणाली, "वाटणीच्या वेळी तरी काय केलं?"

त्यावर मी हसलो नाही. तासगावकडच्या रानाची वाटणी झाली तेव्हा चुलतभावाने कागद पुढे केला होता. एकर तेवढेच होते दोघांना, सारखे. मी मोजले आणि सही केली. विहीर कुठल्या तुकड्यात येते, रस्ता कुठून जातो, कुणीतरी म्हणालं होतं की आठवडाभर थांबा, मोजणीवाल्याला आणू. मला ते आठवडाभराचं टांगलेपण नको होतं. आता माझ्या तुकड्यात जायचं तर त्याच्या बांधावरून जावं लागतं, आणि दर पावसाळ्यात त्याला विचारावं लागतं. आकडे सारखेच होते. त्याचं एक लांब होतं म्हणायचं, की माझं? असो. हा लेख बुद्धिबळाचा आहे.

२०२४ च्याच १२ डिसेंबरला संध्याकाळी सिंगापूरचा चौदावा डाव मी दुकानातच मोबाईलवर बघत होतो, वहीखाली फोन लपवून. जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. डाव बरोबरीत सुटला तर दुसऱ्या दिवशी जलद डाव होणार होते. पांढरी चीनच्या जगज्जेत्या डिंग लिरेनची, काळी आपल्या गुकेशची. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण सगळी प्यादी एकाच बाजूला. असे डाव धरून ठेवता येतात. कंटाळवाणं असतं, बसावं लागतं, पण धरता येतात. आणि पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. घे, बदल.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. खोटं सांगत नाही. चाल चूक आहे हे मला कळलं म्हणून नव्हे, ते कळायची माझी कुवत नाही. पडलं ते ओळखीच्या धक्क्याने. हा माणूस जगज्जेता आहे आणि त्याला हुश्श करायचंय! गुकेशने हत्ती मारला, त्याने राजाने मारला, आणि गुकेशने उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल समोर ठेवली. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याला टाळायला जागा नव्हती. उरली नुसती राजा-प्यादी, आणि तो डाव हरलेला होता. अठराव्या वर्षी गुकेश जगज्जेता झाला. टीव्हीवर दोन दिवस तो रडतानाचा चेहरा दाखवत होते. मी मात्र डिंगचा विचार करत होतो. हजारो हत्तींचे शेवट बघितलेला माणूस. त्याला ते प्यादं मोजता येत नव्हतं असं कसं म्हणायचं? मोजायच्या आधी हात गेला, एवढंच मला दिसलं, आणि ते कदाचित मला दिसायचंच होतं म्हणून दिसलं असेल.

हरल्यावर काय करावं याबद्दल जुन्या रशियन बोटविनिकचं उदाहरण नेहमी देतात, आणि ते द्यावं असंच आहे. १९५७ ला स्मिस्लोव्हकडून जगज्जेतेपद गमावलं, १९५८ ला परत घेतलं. १९६० ला तालने हरवलं, १९६१ ला त्यालाही परत हरवलं, तेही पन्नाशीला टेकलेला असताना. पेशाने विद्युत अभियंता. स्वतःचे डाव दुसऱ्या कुणाचे असावेत तसे तपासायचा, कडकपणे. मी हे वाचलं तेव्हा फार स्फूर्ती वगैरे आली आणि एक नवी वही आणली. वही अजून कोरी आहे. पेन्सिलीने स्कोअरशीटच्या मार्जिनमध्ये लिहिणंच जमतं मला.

पण एक गोष्ट मी खरोखर केली. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं ती जागा, हत्ती काढून, नुसती राजा-प्यादी मांडायची आणि मुलाशी खेळायची. एक दिवस मी काळी, एक दिवस पांढरी. पांढरी असेन तेव्हा हरायचो, अर्थातच. पण आठ-दहा दिवसांत हळूहळू दिसायला लागलं की लांबचं प्यादं म्हणजे काय. ते स्वतः वजीर होण्यासाठी नसतंच. ते आमिष आहे. ते तुमच्या राजाला पटाच्या एका कडेला ओढून नेतं आणि तिकडेच मरतं, खुशाल मरतं, तोवर समोरचा राजा तुमच्या घरात चुलीपर्यंत पोचलेला असतो. मध्ये असलेलं माझं डी४ चं प्यादं दिसायला मोठं, मानाचं, पण त्याला धरायला तिच्या राजाला कुठे जावंच लागत नव्हतं. तो तिथेच उभा होता.

मग मोजायची रीत बसली. पुस्तकात असते ती, पण पुस्तकातलं अंगात जायला मार खावा लागतो. बदलाबदलीच्या आधी डोळे मिटायचे, दोन्ही हत्ती पटावरून उचलले असं समजायचं, आणि बोटावर मोजायचं. तिच्या प्याद्याला शेवटच्या घरापर्यंत किती चाली, माझ्या राजाला ते धरायला किती, तिथून परत यायला किती, तोवर तिचा राजा कुठे. चार आकडे. मिनिट लागतं, दीड मिनिट. माझ्याकडे नऊ होती, वर प्रत्येक चालीला तीस सेकंद जमा होत होते. वेळ नव्हता हे मी स्वतःला सांगितलेलं निमित्त होतं. स्कोअरशीटच्या कडेला मी घड्याळही लिहितो, म्हणून ते सापडलं. सदतिसाव्या आणि अडतिसाव्या चालीत मिळून मी चाळीस सेकंदसुद्धा घालवले नव्हते.

आमचे शेठ या बाबतीत माझ्या उलट. हळदीचा भाव पडला की दुकानात सगळे अस्वस्थ होतात, शेतकरी म्हणतो काढून टाका एकदाचं, दलाल फोन लावून लावून दमतो, आणि शेठ चहा मागवतात. पूर्वी हरिपूरला जमिनीत पेवं होती, खोल, त्यांत राजापुरी हळद भरून तोंड बंद करून टाकायचे आणि वर्षानुवर्षं ठेवायचे. शेठच्या वडिलांचीही होती. शेठना बुद्धिबळ येत नाही. एकदा मी त्यांना ही जागा दाखवली, हत्ती, प्यादी, सगळं समजावून. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बदलायची गरज कुणाला होती? तुम्हाला का तिला?" मी म्हटलं, तिला. तिचा हत्ती अडकला होता. "मग तुम्ही का केलं तिचं काम?"

माणूस चौथी शिकलाय.

याच्यापुढे मी रेटिंग शंभरने वाढलं वगैरे सांगणार असं वाटत असेल तर तसं काही नाही. झालं ते असं.

२०२५ च्या दिवाळी सुट्टीत मिरजेला एक छोटी स्पर्धा होती. दोन दिवसांची, पाच फेऱ्यांची. पहिल्याच डावात समोरचा कॉलेजातला मुलगा अंगावर आला. घड्याळात बारा मिनिटं. माझा हात घोड्याकडे निघाला होता, बदलून टाकायला, आणि मी तो परत घेतला. मांडीखाली ठेवला, खरोखरच मांडीखाली. मोजलं. बदललं नाही. तो डाव बरोबरीत सुटला. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण संध्याकाळी घरी जाताना आयर्विन पुलाकडून वळसा घेऊन गेलो. नदीला पाणी बेताचंच होतं. उगाचच थांबलो पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत एक निवृत्त शिक्षक. सावकाश खेळणारे, प्रत्येक चालीनंतर चष्मा पुसणारे. मी बरा खेळलो. एक प्यादं वर आलो. दोघांचे हत्ती राहिले, आणि सरांनी आपला हत्ती शांतपणे माझ्या हत्तीसमोर आणून ठेवला. माझ्या डोक्यात लाल दिवा लागला. नाही! बदलायचं नाही! मी हत्ती बाजूला काढला. तीन चालींनी त्यांनी परत समोर आणला. मी परत काढला. असं चार वेळा झालं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. पाचव्यांदा हत्ती बाजूला काढताना तो अशा घरात गेला की त्यांच्या राजाला माझ्या प्याद्यापर्यंत वाट मोकळी झाली. मग ते प्यादं गेलं, मग दुसरं गेलं. एकसष्टाव्या चालीला डाव सोडला.

सर म्हणाले, "चांगला झाला डाव." मी म्हटलं, "हो सर."

रात्री मुलाने लॅपटॉप उघडला, चाली भरल्या, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"बाबा, इथे पहिल्यांदा त्यांनी हत्ती समोर आणला ना, तिथेच बदलला असता तर तुमचं प्यादं सरळ जात होतं. लांबचं होतं तुमचं."

आतून बायकोने विचारलं काय झालं म्हणून. मी म्हटलं काही नाही. पेन्सिल सापडत नव्हती.